फोन उचला आणि नाही म्हणा

ऑफर लेटरवर सही केली म्हणून कुणाचे पाय बांधले जात नाहीत. सही झाल्यावर मन बदलू शकतं, घरची परिस्थिती बदलू शकते, जास्त चांगलं काम समोर येऊ शकतं. तेव्हा होकार मागे घ्यावा. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, कारण सध्या मला येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एकच धास्ती आहे: होकार दिलाय, आता फिरलो तर कंपनी केस करेल, ब्लॅकलिस्ट करेल, वाईट दिसेल, बाबांनी तर सोसायटीत पेढेही वाटलेत.

पेढे वाटले म्हणून कुणी तीन वर्षं नको त्या खुर्चीत बसू नये.

माझं भांडण वेगळं आहे. शेवटच्या शुक्रवारपर्यंत 'येस मॅम, जॉइनिंग' असं लिहीत राहायचं आणि सोमवारी सकाळी फोन बंद करून टाकायचा, या प्रकाराशी ते आहे. आणि त्याहून मोठं भांडण आहे ते पोरांना या थराला आणून सोडणाऱ्या कंपन्यांशी.

भोसरी एमआयडीसीत एका परिचितांच्या कारखान्यात मी असा एक सोमवार पाहिला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारं छोटं युनिट. क्वालिटी इंजिनिअर रुजू व्हायचा होता. टेबलावर लॅपटॉप तयार, मेल आयडी तयार. सेफ्टी शूज नऊ नंबरचे, त्यालाच फोनवर विचारून मागवलेले, अजून खोक्यात. ओळखपत्र छापून निळ्या दोरीत ओवलेलं. गेटवरच्या वहीत त्याचं नाव लिहून ठेवलेलं. साडेनऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. तिथे एचआर सांभाळणाऱ्या मॅडमच पगारपत्रक करतात आणि कँटीनची बिलंही त्याच बघतात. हातातलं काम बाजूला ठेवून त्या फोन लावत बसल्या होत्या. आधी रिंग जात होती, मग स्विच ऑफ. शुक्रवारी संध्याकाळी त्याने पाठवलेला मेसेज त्यांनी मला दाखवला. 'श्युअर मॅम, सी यू ऑन मंडे', आणि पुढे अंगठा.

त्याच आठवड्यात मोठ्या ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. ते जुन्या सुपरवायझरने दोन-दोन शिफ्ट ओढून निभावलं. आणि दुसऱ्या नंबरवर ठेवलेला चाकणचा मुलगा? त्याला महिनाभरापूर्वीच 'जागा भरली' असं कळवून टाकलं होतं. मॅडमनी त्याला पुन्हा फोन केला तेव्हा त्याने नाइलाजाने कमी पगाराची दुसरी नोकरी धरली होती.

त्या पहिल्या मुलाने पंधरा दिवस आधी 'मी येत नाही' एवढे तीन शब्द सांगितले असते तर चाकणच्या मुलाला जागा मिळाली असती. नकाराने कारखान्याचं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते लपवाछपवीत गेलेल्या दिवसांमुळे.

आता कायद्याची भीती काढून टाकू. नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं तत्त्व तेच आहे. कुणी बेलिफ येऊन तुम्हाला कंपनीच्या खुर्चीत नेऊन बसवणार नाही. कंपनी फार तर १८७२ च्या करार कायद्याखाली नुकसानभरपाई मागू शकते, पण त्यासाठी नुकसान झाल्याचं दाखवावं लागतं. रुजूच न झालेल्या ज्युनिअर इंजिनिअरमागे वकील लावायला सहसा कुणी जात नाही. पत्रात जे पैशाचं लिहिलंय ते मात्र पाळायचं. जॉइनिंग बोनस आगाऊ घेतला असेल, घर हलवायला पैसे घेतले असतील, नव्या कंपनीने तुमचा नोटीस पिरियड विकत घेतला असेल, तर ती रक्कम न मागता परत करायची. त्यात घासाघीस नको.

बॉण्डची गोष्ट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. तेव्हापासून 'आता कोर्टानेच सांगितलंय' असं म्हणत पोरांना घाबरवणारे काही एचआरवाले निपजले आहेत. त्या खटल्यातला माणूस नोकरीत होता आणि मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला होता. खासगी कंपनीत रुजू होण्याआधीच नकार देणाऱ्याने तो निकाल उशाशी घेऊन झोपू नये. बॉण्डवर आधीच सही केली असेल तर तेवढा कागद एखाद्या वकिलाला दाखवावा आणि मोकळं व्हावं.

मग पोरं लपवतात का? कारण आपल्याकडचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत मोठ्या आयटी कंपन्यांतून बाहेर पडायचं तर तीन महिने आधी सांगावं लागतं. आणि याच कंपन्या स्वतःच्या जाहिरातीत लिहितात, 'इमिजिएट जॉइनर हवा'. आपला माणूस तीन महिने सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा माणूस उद्या सकाळी हवा. हा दुटप्पीपणा हेच सगळ्या रोगाचं मूळ आहे.

तो चालतो कसा बघा. सहा वर्षं अनुभव असलेला एखादा डेव्हलपर. बाजारात विचारायला गेला की पहिला प्रश्न, 'नोटीस किती?' नव्वद म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. म्हणून तो बेताची का होईना, एक ऑफर मिळवतो आणि तिच्या जोरावर पेपर टाकतो, म्हणजे राजीनामा देतो. पेपर टाकले की नोकरीच्या साइटवर त्याच्या नावापुढे 'सर्व्हिंग नोटीस' असं लागतं. दोन महिने उलटतात, शेवटची तारीख जवळ येते आणि मग फोनांची रांग लागते, कारण आता तो खरोखरच लवकर येऊ शकणारा माणूस झालेला असतो. दुसरी ऑफर पहिलीपेक्षा चढी, तिसरी त्याहून चढी. पहिल्या कंपनीची ऑफर त्याने टोकन देऊन अडवून ठेवलेल्या फ्लॅटसारखी वापरली, आणि या सौद्यात टोकनही द्यावं लागलं नाही.

तिकडे भरती करणारेही हे ओळखून आहेत. खासगीत ते सांगतात की येईल न येईल म्हणून एकाच जागेसाठी दोघांना ऑफर दिली जाते, आणि दोघंही उगवले तर एकाची तारीख पुढे ढकलली जाते. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे इतर सगळ्यांना नकार कळवून टाकला, तोच रस्त्यावर. प्रामाणिक माणसाला शिक्षा करणारी ही व्यवस्था आहे आणि ती कंपन्यांनी आपल्या हातांनी उभी केली आहे.

इंग्लंडमध्ये महिनाभर काम झालेल्या माणसाने सोडताना कायद्याने किमान एक आठवड्याची नोटीस द्यायची असते. अमेरिकेत रिवाज दोन आठवड्यांचा. पुण्यातली टीम ज्यांच्यासाठी रात्री जागते, त्या शिकागोच्या क्लायंटचा माणूस दोन आठवड्यांत केटी, म्हणजे कामाची माहिती पुढच्याच्या हाती, देऊन मोकळा होतो, आणि तेच काम करणारा पुण्याचा माणूस तीन महिने अडकतो. केटीला नव्वद दिवस लागत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत काम हातावेगळं होतं आणि उरलेले दिवस माणूस मीटिंगमध्ये गप्प बसून काढतो. नोटीस तीस दिवसांवर आणा. ऑफर आणि रुजू होण्याची तारीख यांतलं अंतर घटलं की मागे फिरणारेही निम्म्याने घटतील, असं मला ठामपणे वाटतं.

काउंटर ऑफरवाल्यांनाही इथेच धरतो. तीन वर्षं पगारवाढ मागितली की 'बजेट नाही', आणि पेपर टाकले की तिसऱ्या दिवशी तीस टक्के वाढ घेऊन मॅनेजर हजर. हे बजेट कुठून आलं? म्हणजे पैसे होते, द्यायचे नव्हते. माणूस राहतो, नवी कंपनी तोंडघशी पडते, आणि शिव्या मात्र एकट्या त्याला. मी त्याला सांगतो, ती वाढ घेऊ नकोस. ज्या साहेबाला तुझी किंमत राजीनामा हातात पडल्यावर कळते, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा राजीनामाच दाखवावा लागेल.

'हल्लीच्या पोरांना शब्दाची किंमत नाही' असं परिसंवादांतून सांगणाऱ्या बड्या एचआर मंडळींना माझं थेट विचारणं आहे: शब्द आधी मोडला कुणी? फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या, प्रशिक्षण पुरं करून थांबलेल्या नव्या पदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचच्या सुमारे दोन हजार मुलांना ऑफर देऊन दोन वर्षं ताटकळत ठेवलं, शेवटी पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या 'नाइट्स' या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाचं दार ठोठावलं. त्यानंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याच कंपनीच्या मैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झाल्याचं सांगून घरी पाठवलं गेलं. त्याही आधी, २०१६ मध्ये, दिलेल्या ऑफर मागे घेणाऱ्या ३१ कंपन्यांना आयआयटींनी काळ्या यादीत टाकलं होतं. आयआयटीच्या मुलांमागे निदान त्यांची संस्था उभी राहिली. लातूरच्या, सांगलीच्या, अमरावतीच्या खासगी कॉलेजातल्या मुलामागे कोण उभं राहतं? त्याचं प्लेसमेंट सेल तर उलट त्यालाच सांगतं, कंपनीला मेल करू नकोस, पुढच्या वर्षी कॅम्पसला येणार नाहीत.

तेव्हा दोन वर्षं थांबवून ठेवणाऱ्याला त्या मुलाने पंधराव्या महिन्यात 'मी दुसरीकडे चाललो' असं कळवलं, तर त्यात ओशाळण्यासारखं काहीही नाही.

आता कुठल्या कारणासाठी फिरावं. तोंडी ठरलेलं आणि पत्रात आलेलं जुळत नसेल तर जरूर फिरावं. पुणे म्हटलं होतं, पत्रात 'देशात कुठेही' निघालं. दिवसपाळी म्हटलं होतं, रात्रपाळी निघाली. आणि सीटीसी, म्हणजे पॅकेजचा एकूण आकडा. यावर थोडं थांबतो, कारण बरेच नकार इथेच उगवतात आणि ते सही करण्याआधी टाळता येतात.

सहा लाखांचं पॅकेज म्हटलं की घरी आई हिशेब करते, महिना पन्नास हजार. हातात किती येतात? बेसिक निम्मं धरू, वर्षाला तीन लाख. पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर कंपनीच्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे ३६ हजार, याच सहा लाखांतून जातात. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे जवळपास साडेचौदा हजार, तेही यातच मोजलेले. ही ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकल्याशिवाय मिळत नाही, तरी पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून दिसते. व्हेरिएबल दहा टक्के असेल तर साठ हजार वर्षअखेरीस, तेही साहेबांच्या मर्जीने. उरले चार लाख नव्वद हजारांच्या आत-बाहेर, महिन्याला चाळीस हजार आठशे. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ तीन हजार आणि प्रोफेशनल टॅक्स दोनशे. हातात साडेसदतीस हजार. पन्नास आणि साडेसदतीस यांत वाकडमधल्या एका खोलीचं भाडं आहे. म्हणून होकार कळवण्याआधी पगाराचा ब्रेकअप मागा. विचारायला लाजू नका, आणि ब्रेकअप द्यायला टाळाटाळ करणाऱ्या कंपनीला होकारच देऊ नका.

घरचं कारण असेल, आजारपण, गरोदरपण, म्हातारे आईवडील, तर कुणाला स्पष्टीकरण देत बसायची गरज नाही.

आणि पैसा? इथे माझं मत अनेकांना पटणार नाही. एज्युकेशन लोन डोक्यावर असलेल्या मुलीला चार लाखांच्या ऑफरनंतर सात लाखांची आली, तर तिने खुशाल जावं, तिला नीतीचे धडे देणाऱ्यांनी आधी तिचे हप्ते भरावेत. पण चांगला पगार असलेल्या माणसाने त्याच कामासाठी, त्याच शहरात, आणखी दहा टक्क्यांसाठी तीन कंपन्यांना एकाच वेळी झुलवत ठेवणं मला मान्य नाही. तीन जागा अडतात आणि त्या तिन्ही जागांमागे कुणीतरी 'रिग्रेट' मेल वाचून बसलेलं असतं.

फोनच्या दुसऱ्या टोकाला जी असते तिचाही विचार करा. बऱ्याचदा ती कन्सल्टन्सीतली पंचविशीची मुलगी असते. तिच्या ऑफिसला फी मिळते उमेदवार रुजू झाल्यावर, बहुतेक वेळा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तो काही महिन्यांत निघून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. त्या फीतून तिचा इन्सेन्टिव्ह. तुम्ही 'आजी वारली' असं लिहून गायब होता तेव्हा तिचा महिना जातो. गेली कित्येक वर्षं या मुली अशा मेलेल्या आज्या ऐकत आहेत. खोटं कारण देऊ नका, त्यांना कळतं. खरं कारण त्यांनी याआधी शंभरदा ऐकलेलं असतं आणि त्या रागावत नाहीत.

कळवायचं कसं, तेही सांगतो, कारण पोरं याच पायरीवर अडतात. ठरलं त्याच दिवशी फोन करायचा, सकाळी, समोरच्याला काही करता येईल अशा वेळी. स्वतः करायचा. वडिलांना करायला लावायचा नाही, हेही घडतं म्हणून लिहितोय. आधी निर्णय सांगायचा, मग कारण, तेही एका वाक्यात. 'मॅडम, मी दुसरी ऑफर स्वीकारली आहे, मी रुजू होणार नाही, तुम्हाला लवकर कळावं म्हणून फोन केला.' त्या पगार वाढवून देऊ म्हणतील. जायचं पक्कं असेल तर तिथेच नाही म्हणायचं, 'विचार करून सांगतो' म्हणायचं नाही, कारण त्या शब्दावर समोरची खुर्ची आणखी आठवडाभर अडते. मग दोन ओळींचा मेल, म्हणजे नोंद राहते. लॅपटॉप कुरियरने घरी आला असेल तर तो परत नेण्याची व्यवस्था विचारायची. संपलं. पाच मिनिटांचं काम आहे. एखादा रिक्रूटर चिडेल, 'यू आर अनप्रोफेशनल' म्हणेल. म्हणू दे. ज्याने फोन करून सांगितलं त्याला हा शब्द लागू होत नाही.

ब्लॅकलिस्टचंही खरं तेच सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे शेरा राहतो, आणि त्या कंपनीत काही काळ दार बंद होऊ शकतं. एका कंपनीत. सगळ्या आयटीत मिळून फिरणारी काळी यादी असते, ही भीती घालायची बोली आहे. छोट्या क्षेत्रात मात्र जपून. औषध कंपन्या, वाहन उद्योगातली टूलिंगची कामं, वर्तमानपत्रं, इथे माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. तिथे फोन केलेला आणि न केलेला, दोघंही लक्षात राहतात.

सोलापूरच्या एका मुलीने विचारलंय. पुण्यातल्या लहान कंपनीचा होकार देऊन झालाय, एक तारखेला रुजू व्हायचंय, आणि आता बंगळुरूहून दीडपट पगाराची, तिला मनापासून हव्या असलेल्या टेस्टिंग ऑटोमेशनच्या कामाची ऑफर आली आहे. घरचे म्हणतात एक तारखेला पुण्यात जाऊन बस, बंगळुरूचं पक्कं झालं की महिन्याभरात सोड.

ताई, हे तेवढं करू नकोस. एक तारखेला बसलीस की तुझा पीएफ सुरू होईल, पीएफच्या यूएएन क्रमांकावर त्या महिन्याची नोंद पडेल आणि बंगळुरूच्या व्हेरिफिकेशनमध्ये तोच महिना तुला समजावत बसावं लागेल. पुण्याची कंपनी तुला शिकवायला माणूस बसवेल, त्याचे दिवस जातील. त्यापेक्षा आज बंगळुरूकडून सहीचं पत्र मेलवर मागून घे, तोंडी आश्वासनावर पुण्याची नोकरी सोडू नकोस. पत्र आलं की नीट वाच, ब्रेकअप बघ, रुजू होण्याची तारीख पक्की लिहिली आहे का बघ. तारखेच्या जागी 'टू बी कम्युनिकेटेड' असेल तर त्या पत्राची किंमत शून्य समज आणि पुण्यात रुजू हो. तारीख असेल तर त्याच दिवशी पुण्याला फोन कर. एक तारखेला अजून अवकाश आहे, आणि त्यांच्या यादीतल्या दुसऱ्या नंबरला अजून दुसरीकडे नोकरी लागलेली नसेल.